ताक पिऊन गेलेले सर

डॉ. रंगनाथ कोथळीकर. हे नाव आधी घेतो, कारण आईवडलांनंतर माझ्यासाठी या माणसाइतकं कुणी केलेलं नाही. नाव बदललं आहे. गावांची नावं मात्र खरी आहेत.

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय... खरं सांगायचं तर हसण्यासाठी वाचायचो. भूत, चकवा, करणी यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमचं गाव माकणी, तालुका लोहारा, जिल्हा धाराशिव. निम्न तेरणा धरणाच्या कडेचं. भूकंपानंतर आमच्या भागात असल्या गोष्टींना तोटा नाही. कुणाला वाटेवर गेलेला चुलता भेटतो, कुणाला बांधावर बाई दिसते. मी त्यातला नव्हे. कॉलेजात असताना गावोगाव जाऊन लिंबातून रक्त काढून दाखवायचं आणि मग त्यातली केमिस्ट्री समजावून सांगायची, हा माझा उद्योग होता. त्यामुळं हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण लिहितो.

सर मूळचे आमच्याच भागातल्या मुरूम गावचे. पुण्यात एवढी वर्षं काढलेली की त्यांच्या बोलण्यात मुरूम औषधालाही सापडायचं नाही. मी मुरूमच्या कॉलेजात शिकत असताना ते एकदा इंग्रजीत व्याख्यान द्यायला आले. शेवटी मी मराठीतून एक प्रश्न विचारला आणि पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी त्या एका प्रश्नाला इतका वेळ दिला की आभार मानणारे प्राध्यापक दोनदा उठून परत बसले. पुढं त्यांनीच मला पुण्याला त्यांच्या प्रयोगशाळेत आणलं. (संस्थेचं नाव देत नाही.) माझं इंग्रजी सुधारावं म्हणून ते मला रिकाम्या हॉलमध्ये बोलायला लावायचे आणि स्वतः शेवटच्या बाकावर बसून ओरडायचे, "मागं ऐकू येत नाही, हणमंत!" मला टायफॉइड झाला तेव्हा हॉस्टेलवरून उचलून घरी नेलं. बाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीनं, मला पेज भरवली. आमच्या घरात मी पहिला ग्रॅज्युएट. माझ्यासाठी सर म्हणजे काय होते, हे आणखी लिहायची गरज नाही.

आता आमच्या कामाविषयी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. अणूच्या केंद्रकावर वेगानं कण आदळवले की त्यातून बारीक कण उडतात. ते कुठून कुठं गेले, त्यांची वाट काढणारं यंत्र म्हणजे ट्रॅकिंग डिटेक्टर. उभ्या गव्हातून जनावर गेलं की ते दिसत नाही, पण हलणाऱ्या ओंब्यांवरून त्याची वाट कळते, तसंच. अडचण अशी की यंत्र जड असेल तर कण त्यातच धडपडतो आणि त्याची खरी वाट बदलते. म्हणून यंत्र इतकं हलकं हवं, की कणाला आपण कशातून गेलो याचा पत्ताही लागू नये.

आमचा डिटेक्टर नळ्यांचा होता. रसवंतीवर जाडजूड नळी मिळते तेवढ्याच, पण कागदाहून पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीला पीळ देत गुंडाळून बनवलेल्या. प्रत्येक नळीच्या मधून केसाहून बारीक तार आणि आत दाबानं भरलेला गॅस. गॅस भरला की नळी फुगून काठीसारखी ताठ होते. अशा नळ्या एकमेकींना चिकटवायच्या म्हणजे जड सांगाडा लागत नाही. कल्पना चांगली होती. पण आमच्या नळ्यांत गॅस भरला की सगळी मोळी हळूहळू पिळली जायची. ओल्या धोतराला पीळ द्यावा, तशी. तारा मधून सरकायच्या, मोजमाप चुकायचं. ॲल्युमिनियमचा सांगाडा लावला की पीळ थांबायचा, पण मग ते हलकं कसलं? सगळ्यांनी हात टेकले होते. मी एकाआड एक नळी उलट्या टोकानं बसवूनही पाहिली. काही फरक नाही.

चैत्रात मी गावी गेलो. येरमाळ्याला येडाईच्या यात्रेला गेल्याशिवाय आईचं वर्ष सरत नाही. पालखीच्या दिवशी तिथं रानात सगळे चुनखडी वेचतात, वाकून वाकून पांढरे खडे शोधतात. मीही वेचत होतो आणि डोक्यात नळ्या.

आई म्हणाली, "हणम्या, देवीपुढं तरी डोकं मोकळं ठिव. तुज्या नळ्या काय पळून चालल्या?"

"पळाल्या तर बरं होईल, आई."

"मग सोड की त्यास्नी. आन् सून आण."

यात्रेहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. आण्णा, म्हणजे माझे वडील, शेतावर गेलेले. लाईट गेलेली. आमचं घर भूकंपानंतरच्या पुनर्वसनातलं. सगळी घरं एकसारखी, सगळे रस्ते सरळ. नवा माणूस चार दारी विचारल्याशिवाय योग्य घरी पोचत नाही. मी दारातल्या कडुलिंबाखाली बाजेवर नमुन्याच्या नळ्या पसरून बसलो होतो. फाटक वाजलं. पाहतो तर सर.

एकटेच. पायजमा आणि पांढरा सदरा. मी त्यांना असल्या कपड्यांत कधी पाहिलं नव्हतं. मी उठून पाया पडलो. पाय हाताला लागले. धुळीनं भरलेले आणि उन्हानं तापलेले. हे मुद्दाम लिहितोय.

"सर, तुम्ही इकडं कुठं? फोन तरी करायचा..."

"आलो आसाच. बस, तम्मा, बस. तुजं कुठं आडलंय, ते बघावं म्हणलं."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. शब्द कानडी, पण आमच्याकडं मुरूमच्या बाजूला लाडानं म्हणतात. पुण्यात सरांनी मला हणमंत सोडून कधी काही म्हटलं नव्हतं. मला भरून आलं. गावाकडं आलं की माणूस गावाकडचा होतो, असं मनात म्हटलं.

मी अडचण सांगू लागलो. त्यांनी हातानंच थांबवलं. गोठ्याच्या खुंटीला वाखाच्या धाग्यांची जुडी टांगलेली होती. ती काढून आणली, बाजेवर मांडी घालून बसले आणि मांडीवर दोरी वळायला लागले. सफाईनं, न बघता. आधी दोन दोऱ्या वळल्या, दोन्हीचा पीळ उजवा. त्या शेजारी शेजारी धरून दोन्ही टोकं बांधली आणि एका टोकाला धरून सोडल्या. जोडी गरगर फिरायला लागली.

"ही तुजी मोळी. व्हय का न्हाय?"

"हो, सर."

मग एक दोरी उजव्या पिळाची वळली, एक डाव्या. तशाच बांधून सोडल्या. जोडी शांत लोंबत राहिली.

"ही फिरायली, तर ती तिला धरायली. ती फिरायली, तर ही. कुनाच्या सांगाड्याची गरज न्हाय."

मी म्हटलं, "पण सर, मी एकाआड एक नळी उलटी करून बघितली."

ते मोठ्यानं हसले. "उलटी धरली म्हणून पीळ बदलतो व्हय रं? कुठल्याबी टोकानं बघ, उजवा तो उजवाच. डावी नळी येगळी वळून घ्यावी लागंल."

 इतकं सोपं! आई बाहेर आली, पदर सावरला. तिनं सरांना आधी कधी पाहिलं नव्हतं, माझ्या तोंडून फक्त ऐकलेलं. "सर, येवढ्या उन्हात आलासा? चहा ठिवू का ताक घेता?"

"ताक द्या, मावशी."

दोन गिलास प्याले. आईला म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. जरा भोळं हाय." आई म्हणाली, "आण्णावर गेलंय." दोघं हसले. मग "चलतो" म्हणून उठले. त्यांना स्टँडपर्यंत सोडावं म्हणून मी चपला घालायला आत वळलो आणि लगेच बाहेर आलो. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना लांबवर दिसणारा. कुणी नव्हतं. वाटलं, कुणीतरी मोटरसायकलवर घेतलं असेल.

पुण्याला परत गेल्यावर मी आधी सरांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "सर, तुम्ही घरी आलात, आई फार खूश आहे."

"कुठं आलो?"

"माकणीला. परवा दुपारी."

"परवा मी दिवसभर इथं इंटरव्ह्यूच्या पॅनलवर होतो. पोरांची डोकी खाल्ली आणि स्वतःचं खाऊन घेतलं." ते हसले. "यात्रेत ऊन लागलं काय तुला?"

मला वाटलं, गंमत करताहेत. मी सगळं सांगितलं. दोऱ्या, पीळ, ताक. ते हसत ऐकत होते. मी "तम्मा" म्हणालो तेव्हा मात्र त्यांचं हसू थांबलं. उठून त्यांनी दार लावलं.

"हा शब्द तुला कुणी सांगितला?"

"तुम्हीच म्हणालात, सर."

"मला तम्मा म्हणणारा एकच माणूस होता. माझा थोरला भाऊ. तो जाऊन बरीच वर्षं झाली." ते परत खुर्चीत बसले. "हे बघ, हणमंत, मी आलो नव्हतो. तुलाच झोपेत सुचलं असेल. कल्पना चांगली आहे, करून बघ. तुझीच आहे ती."

तुझीच आहे ती. हे शब्द त्यांचे आहेत.

त्या दिवशी ते पॅनलवर होते, हे मी इतर लोकांकडूनही खात्री करून घेतलं. दुपारचं जेवणसुद्धा त्यांनी सगळ्यांबरोबर तिथंच घेतलं होतं. पुण्याहून माकणी म्हणजे हडपसर नव्हे.

डाव्या पिळाच्या नळ्या आम्हाला कुणी बनवून देईना, म्हणून मीच वळल्या. गुंडाळायचं यंत्र उलटं फिरवून, पट्टीचा कोन बदलून, बऱ्याच वाया घालवून. एकाआड एक बसवल्या. गॅस भरला. मोळी हलली नाही. वर आकाशातून कण सारखे बरसत असतात, त्यांच्यावर आम्ही चाचणी घेतो. स्क्रीनवर एकेक वाट सरळ रेघेसारखी उमटायला लागली, तेव्हा मी खुर्चीत बसून रडलो. एवढ्या हलक्या यंत्रातून एवढ्या स्वच्छ वाटा आमच्याकडं आधी कुणी काढल्या नव्हत्या.

मग सेमिनार झाला. त्यात मी पहिल्याच स्लाइडवर लिहिलं, "कल्पना: डॉ. कोथळीकर सर." आणि तोंडानं सांगितलं की सरांनी ही गोष्ट मला माझ्या गावी, माझ्या घरी दोरी वळून समजावली. मला दुसरं काही सांगताच आलं नसतं. जे माझ्या डोक्यातून आलं नाही, ते माझं कसं म्हणू? आणि आमच्याकडं कुठल्याही कामाच्या आधी गुरूचं नाव घ्यायचं असतं. भजनी मंडळसुद्धा घेतं. सर पहिल्या रांगेत होते. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. टाळ्या वाजल्या तेव्हा मान किंचित झुकवली.

पुढं परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगानं आमची रचना घ्यायचं ठरवलं. संस्थेनं पेटंटचा अर्ज केला. मला ते एका मित्राकडून कळलं. अर्जावर शोधक म्हणून एकच नाव होतं... सरांचं.

मी केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "सर, नळ्या मी वळल्या. चाचणी मी घेतली. माझं नाव राहिलं वाटतं?"

"वळणं म्हणजे शोध लावणं नव्हे, हणमंत. शोध कल्पनेचा असतो. आणि कल्पना कुणाची, हे तूच सगळ्यांसमोर सांगितलंस."

"पण तुम्ही तर आला नव्हता, सर!"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "असं म्हणालो होतो का मी?"

मी तक्रार केली.  एक समिती बसली. अध्यक्ष मॅडम बाहेरच्या होत्या, शांत, सगळं ऐकून घेणाऱ्या. त्यांनी विचारलं, "कोथळीकर सर, तुम्ही या मुलाला ही कल्पना दिलीत?"

सर म्हणाले, "हो. त्याच्या घरी, माकणीला. तो स्वतःच सांगतो. शंका असेल तर त्याच्या आईंना विचारा, त्या समोर होत्या."

मॅडमनी मला फोन लावायला सांगितला. माझ्याच फोनवरून, स्पीकर चालू करून मी आईला फोन लावला.

"हणम्या? जेवलास का?"

"आई, थांब. इथं मॅडम आहेत, त्या काय विचारतात ते सांग."

मॅडमनी नमस्कार केला आणि विचारलं, "मावशी, हणमंतचे सर तुमच्या घरी कधी आले होते का?"

"आल्ते की! येडाईच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी. लिंबाखाली बाजंवर बसल्ते. लई साधा माणूस बघा. दोन गिलास ताक प्याले."

"त्यांनी हणमंतला काही शिकवलं का?"

"दोरी वळून दावली. येक उजवी वळ, येक डावी वळ, म्हणले. मला काय कळतंय त्यातलं? पर माज्या लेकाचं त्वांड बघून कळलं, ह्येचं काम झालं म्हणून." मग घाईघाईनं म्हणाली, "मॅडम, त्येला काय कमी-जास्त झालं आसंल तर सांभाळून घ्या. सरांचं त्येच्यावर लई ध्यान हाय."

 एका सदस्यानं पेनाचं टोपण लावलं.

मी म्हटलं, "मॅडम, त्या दुपारी सर याच इमारतीत पॅनलवर होते."

सर शांतपणे म्हणाले, "सकाळी होतो. मग गाडीनं निघालो."

"सर, माकणीला पोचेपर्यंत अंधार झाला असता!"

मॅडमनी चष्मा काढला. त्यांचा आवाज कठोर नव्हता, हे मी मान्य करतो. त्या म्हणाल्या, "हणमंत, मला नीट समजू दे. सर आले होते, तर कल्पना त्यांची. आले नव्हते, तर तुझी आई आत्ता खोटं बोलली आणि सेमिनारमध्ये तूही खोटं बोललास. यातलं तुझं म्हणणं कुठलं?"

तिसरं काहीतरी होतं. ते मला सांगता आलं असतं. सर आले नव्हते, पण सर आले होते. मी त्यांच्या पायांची धूळ हाताला लावून घेतली होती. पण कणांच्या वाटा मोजणाऱ्या माणसांसमोर, लिंबाचं रक्त दाखवत फिरलेला मी... हे कोणत्या तोंडानं बोलणार होतो? आणि सरांबरोबर जेवलेल्यांना साक्षीला बोलावलं असतं, तर आईच खोटी ठरली असती.

मी म्हटलं, "माझी आई खोटं बोलत नाही."

झालं. तिथंच मिटलं. माझं नाव शोधनिबंधाखालच्या आभाराच्या ओळीत गेलं.

बाहेर व्हरांड्यात सर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. गुरूचं नाव होतं ते शिष्याचंच असतं." मग इकडं तिकडं बघून, आवाज खाली आणून विचारलं, "त्यानं... आणखी काही सांगितलं होतं का?"

'त्यानं' म्हणाले. 'मी' म्हणाले नाहीत.

मी जिना उतरलो.

पुढं मी मुरूमला जाऊन सरांच्या भावाची चौकशी केली. वाटलं, काहीतरी दुवा लागेल. धान्याच्या मोंढ्यात त्यांचे एक भाऊबंद भेटले. ते म्हणाले, "थोरला? त्यो न् तुमचे सर? काय बी मेळ न्हाय. ह्यो गोरा, बुटका. त्यो काळा, हे एवढा उंच. आन् दोरी वळायचं म्हणताव? त्येला पायजम्याची नाडी बांदता येत नव्हती नीट!" म्हणजे तोही धागा तुटला. तो भाऊ नव्हता. मी झोपेत नव्हतो. आईनं पाहिलं, बोलली, दोन गिलास विसळून ठेवले. मग कोण होतं?

मला आजही माहीत नाही. मी सगळ्या बाजूंनी विचार केला. फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. जे कुणी आलं, त्यानं मला खरंच मदत केली. मग ते सरांचं रूप घेऊन का आलं? एखाद्या अनोळखी म्हाताऱ्याच्या रूपात आलं असतं, वाटसरूच्या रूपात आलं असतं, तर आज माझं नाव राहिलं असतं. कधी वाटतं, ते द्यायला आलंच नव्हतं. माझ्याकडून काढून नेण्याची सोय करायला आलं होतं. आणि कधी वाटतं, माझ्या मनात जे सर होते तेच चालत आले, आणि पुण्यात बसलेले कुणी वेगळेच होते. दोन्हीला माझ्याकडं पुरावा नाही. कुणाला असा अनुभव असेल तर जरूर लिहा.

मागच्या महिन्यात मी सरांना पत्र पाठवलं. उत्तर आलेलं नाही. पत्र जसंच्या तसं खाली देतो.

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

मी संशोधन सोडून मुरूमला ज्युनियर कॉलेजात रुजू झालो आहे, हे तुम्हाला कळलं असेलच. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज पोचतो. तो तुमच्यामुळं पोचतो. बाईंच्या हातची पेजही मी विसरलेलो नाही. त्यांना माझा नमस्कार सांगा.

हे पत्र पेटंटवर नाव घाला म्हणून लिहिलेलं नाही. तो विषय मी सोडला. नळ्या चालताहेत, कण त्यांतून सुखरूप जाताहेत, एवढ्यावर मला समाधान मानता येईल. पण त्या दुपारी तुम्ही आमच्या घरी होतात, हे तुम्ही समितीपुढं सांगितलंत. तुम्ही नव्हतात आणि तरीही कुणीतरी आलं होतं, हे जगात फक्त तुम्हाला आणि मला पक्कं ठाऊक आहे. माझ्याशी खोटं बोलला असतात तरी मी सहन केलं असतं. तुम्ही माझ्या आईचं खरं बोलणं वापरलंत. ते मला अजून गिळता येत नाही.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तिला वाटतं, तिच्या साक्षीमुळं माझं काम झालं. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, पुण्याच्या मॅडमनी फोन करून मला विचारलं आणि मी सगळं खरं सांगितलं. आणि मला सारखी विचारते, सर परत कधी येणार?

म्हणून विनंती आहे की एकदा याच. मी त्या वेळी घरी थांबणार नाही. आईला आधी कळवणारही नाही. घर कुणाला विचारू नका, कारण मागच्या वेळी तुम्ही विचारलं नव्हतंत. सरळ या, फाटक उघडा आणि हाक मारा.

ती तुम्हाला ओळखते का, तेवढं मला कळायला हवं.

आपला विद्यार्थी,
हणमंत